बाहुल्याचं डोकं

ओल्डेवीर, १४ ऑक्टोबर

नीन्के,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू पत्र न उघडताच टाकून देशील, म्हणून पत्ता फेन्नाकडून लिहून घेतला. फेन्ना म्हणजे आम्ही राहतो त्या घराची व्यवस्था बघणारी. आता उघडलंच आहेस तर वाच. आईच्या अंत्यविधीनंतर आपण दोघी बहिणी एकमेकींशी बोललेलो नाही. तो विषय मी काढणार नाही. मला एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे, तेवढं दे आणि मग पुन्हा खुशाल गप्प बस.

मी आणि डाउवे उन्हाळ्यापासून इथे आहोत. मी मोडलेल्या खुब्यामुळे आणि तो डोक्यामुळे. घर लहान आहे. नऊ म्हातारी माणसं, एक स्वयंपाकघर, एक लांब टेबल आणि मागच्या बाजूला काचेची खोली, तिथून कालवा दिसतो. आमच्या खोल्या शेजारी-शेजारी आहेत. डाउवे मला, स्वतःच्या बायकोला, कधी ओळखतो, कधी नुसतं ‘बाई’ म्हणतो. बेकरी बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण त्याच्या डोक्यात ती चालूच आहे आणि त्याची हिस्के, म्हणजे मी, अजून दुकानात गल्ल्यावर उभी आहे.

इथे सगळे फार गोड वागतात आणि तिथेच मला शंका येते. माझा राखाडी स्वेटर धुवायला जातो आणि दुसऱ्याच कुणाचा तरी राखाडी स्वेटर परत येतो. फेन्ना म्हणते, “हिस्केबाई, तोच आहे हो तुमचा.” मी काय माझा स्वेटर ओळखत नाही? दुपारची कॉफी म्हणजे सकाळचीच पाणी घालून वाढवलेली असते, हेही मी एक ना एक दिवस सिद्ध करीन. कॉफीबरोबर प्रत्येकाला एक बिस्किट मिळतं आणि डब्याचं झाकण लागतं. पण हिल्केमाबाईंना मात्र दोन.

आता आलेच त्यांच्यावर. या हिल्केमाबाई सप्टेंबरात आल्या. लेवार्डनच्या कुणा मास्तरांची विधवा. गळ्यात निळ्या मण्यांची माळ, हात लोण्यासारखे, कान जवळजवळ गेलेले आणि आठवणीचा पत्ता नाही. आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीत डाउवेशेजारी जाऊन बसल्या. माझ्या खुर्चीत. आणि डाउवेनं त्यांचा हात हातात घेतला.

तेव्हापासून हे रोज चाललंय. दोघं बसतात, डाउवे त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटत राहतो. मी जवळ गेले की चूप. तरुणपणीची हिस्के असती तर कप फेकून मारला असता. मी एकदा गिऱ्हाइकाच्या डोक्यात पाव घातला होता, ते तर सगळ्या गावाला माहीत आहे. पण आता खुब्यात स्क्रू आहेत, फेकायला तोल लागतो.

फेन्ना म्हणते, “असं होतं या आजारात. त्यांना आधार वाटतो, बाकी काही नाही. मनाला लावून घेऊ नका.” लावून घेतलं नसतं गं. पण तो त्या बाईंना नावानं हाक मारतो आणि त्यांचं नाव आन्त्ये आहे.

तो त्यांना नीन्के म्हणतो.

का?

हिस्के


ओल्डेवीर, ३१ ऑक्टोबर

नीन्के,

तुझं कार्ड मिळालं. मास्ट्रिक्टचा पूल छान आहे. मागे दोन ओळी: “म्हातारपणी नावं गुंतत असतील. तुझा खुबा कसा आहे?”

मी खुब्याबद्दल विचारलं नव्हतं.

नावं गुंततात हे मान्य. मग त्याच्या बहिणीचं नाव का नाही गुंतत? आईचं का नाही? पन्नास वर्षं ज्या बाईशी त्याचं चार शब्दांच्या वर बोलणं झालं नाही, तिचंच नाव बरं गुंततं! लग्नाला तू आली नाहीस. ताप आहे म्हणून कळवलंस आणि भांडी पुसायची सहा फडकी पाठवलीस. आईच्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीला त्याच्याशेजारची एकच खुर्ची रिकामी होती, तर तू भिंतीला टेकून उभी राहिलीस. मी तेव्हा म्हटलं, तुला माझा नवरा कधी आवडलाच नाही, बेकरीवाला तुझ्या तोलाचा वाटला नाही. तू कोट घातलास आणि गेलीस. हो, विषय काढणार नव्हते. काढला.

मी आता सगळं पहिल्यापासून आठवून बघते आहे, कारण इथे दुसरं काम नाही. त्या बासष्ट सालच्या सिंटरक्लासच्या सणाच्या संध्याकाळी, पाच डिसेंबरला, मला जे दिसलं तेच तुलाही माहीत आहे ना, याची एकदा खात्री करून घेते. वडील गोठ्यात होते. आई मोज्याची टाच विणत होती. तू पलीकडच्या म्हातारीला दूध द्यायला गेली होतीस. खिडकीवर टकटक झाली. मी दार उघडलं, तर उंबऱ्यावर कागदात गुंडाळलेला बिस्किटाचा बाहुला, कोपरापासून बोटांपर्यंत लांब, बदामाचे डोळे, मसाल्याचा घमघमाट. कोटाला तिसरं बटण नव्हतं. ते बटण नसलेला साचा गावात एकाच बेकरीत होता, डाउवेच्या वडलांच्या. आणि बांधाकडे पळणारी डाउवेची पाठ मला दिसली. पिठाच्या पोत्याखाली ती पाठ मी रोज बघत होते, चुकणं शक्यच नाही.

चिठ्ठी नव्हती. ती कधीच नसते. त्या संध्याकाळी मनातल्या मुलीच्या दारात बाहुला ठेवणारा मुलगा नाव लिहीत नाही आणि घेणारी विचारत नाही. घरात मोठी मी. दार उघडलं मी. मग बाहुला कुणाचा?

रविवारी चर्चनंतर त्याला रीतीप्रमाणे कॉफीला बोलावलं. रीत तुला सांगायला नको, पण सांगते. मुलीनं बशीत बाहुल्याचे पाय ठेवले तर मुलानं कॉफी संपवून चालू पडायचं. डोकं ठेवलं तर थांबायचं, आणि ते खाल्लं की लग्न ठरलं. मी डोकं ठेवलं. तो बशीकडे किती वेळ बघत राहिला! लाजाळूच होता पहिल्यापासून. मग खाल्लं. वडील त्याच्या पाठीवर थाप मारून हसले. कॉफी तू ओतत होतीस आणि सगळी नव्या टेबलक्लॉथवर सांडलीस, आई तुझ्यावर केवढी ओरडली. आठवतंय?

यात तू कुठे येतेस ते मला सांग. मला तर तू फक्त कॉफी सांडताना दिसतेस.

हिस्के


ओल्डेवीर, १२ नोव्हेंबर

नीन्के,

या वेळी कार्डसुद्धा नाही. ठीक आहे. मी लिहिते, तू ऐक.

मागच्या आठवड्यात फेन्नानं सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवून सिंटरक्लासची बिस्किटं करायला घेतली. आम्ही घर सोडताना डाउवेनं एकच वस्तू सोबत आणली होती, त्याच्या वडलांचा तो बाहुल्याचा साचा. तो त्यानं कपाटातून काढून आणला. ज्या माणसाला शर्टाची बटणं लावता येत नाहीत, त्यानं त्या साच्यात पीठ असं दाबलं आणि असं अलगद पालथं केलं की फेन्ना बघतच राहिली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, “डाउवे, छान झालाय रे.” तो म्हणाला, “थँक्यू, बाई.”

आणि मग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. भट्टीतून बाहुले निघाले, त्यातला सगळ्यांत चांगला त्यानं निवडला, कागदात गुंडाळला, स्वेटरच्या आत खुपसला आणि इकडेतिकडे बघत खोलीत निघून गेला. चोरासारखा. संध्याकाळी तो जेवायला गेला तेव्हा मी त्याची खोली पाहिली. हो, पाहिली. बायको आहे मी त्याची. मोज्यांच्या खणात होता, खाली, हिवाळी मोज्यांत लपवलेला.

तो बाहुला माझ्यासाठी असता तर लपवून ठेवायची गरज नव्हती, मी त्याच्या लेखी बाई आहे, बाईपासून कोण काय लपवतं? मुलगा बाहुला कुणाला देतो ते तुला माहीत आहे आणि मलाही. पाच डिसेंबरला माझा नवरा सगळ्यांसमोर हिल्केमाबाईंच्या दाराशी बाहुला ठेवणार आणि त्या त्याला काय देणार? त्या तर हाताला येईल ते देतील. आणि हाताला डोकंच येईल, माझं नशीब मला ठाऊक आहे.

मी फेन्नाला बाजूला घेतलं. म्हटलं, “त्यांना इथून हलवा.”

“कुणाला?”

“कुणाला काय विचारतेस? दोन बिस्किटं खाणारीला.”

“हिस्केबाई, त्यांची साखर कमी होते म्हणून दुसरं देते. आणि त्या कुणाच्या अध्यात ना मध्यात.”

“माझ्या खुर्चीत आहेत त्या. एक तर त्या राहतील नाहीतर आम्ही. डाउवेला घेऊन मी घरी जाते.”

“घर विकलंत ना तुम्ही,” ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण म्हणाली.

मी मागे हटले नाही. रोज तिच्या मागे लागले. शेवटी तिनं हिल्केमाबाईंच्या मुलीशी बोलणं केलं. त्यांच्या मुलीच्या गावात असंच एक घर आहे, तिथे एक खोली रिकामी होते आहे. एक डिसेंबरला त्या जातील. मुलगी म्हणे फोनवर रडली, आईला इथे सवय झाली होती म्हणून. मला वाईट वाटलं नाही. नाही, जरा वाटलं, पण डाउवेला माझ्याकडे परत आणायचं तर दुसरा मार्ग मला दिसत नाही. तो किती दिवस आहे आणि त्यातले किती दिवस मला ओळखणार आहे? ते तरी माझे असू देत.

हिस्के


ओल्डेवीर, २३ नोव्हेंबर

नीन्के,

तुझं दुसरं कार्ड. या वेळी चित्रसुद्धा नाही, कोरं. “हिल्केमाबाईंना हलवू नकोस. त्यांनी काही केलेलं नाही.”

त्यांनी नाही केलं. मग कुणी केलंय?

तुला त्या बाईंचा एवढा पुळका का? तू त्यांना पाहिलेलं नाहीस. तू मला माझ्या सुखदुःखात एक ओळ लिहिली नाहीस आणि एका अनोळखी म्हातारीची वकिली करायला तुला तिकीट लावून कार्ड पाठवावंसं वाटलं. याचा अर्थ एवढाच निघतो की ती ज्या नावाच्या खुर्चीत बसली आहे ते नाव रिकामं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय आणि ते माझ्याच घराच्या भिंतीत मुरतंय.

स्पष्ट विचारते. तो पिठाची खरेदी करायला दक्षिणेकडे जायचा, तेव्हा तुला भेटायचा का? तू लग्न केलं नाहीस ते त्याच्यासाठी का? माझ्या पाठीमागे तुम्ही दोघं माझ्यावर हसत होतात का?

उत्तर नाही आलं तर मी त्याचा अर्थ हो असाच घेईन.

हिस्के


ओल्डेवीर, २८ नोव्हेंबर

नीन्के,

मागच्या पत्राचं उत्तर अजून लिहिलं नसशील तर लिहू नकोस. लिहिलं असशील तर टपालात टाकू नकोस.

काल सकाळी मी स्वयंपाकघरात ब्रसेल्स कोबी निवडत होते. फेन्नाचा निळा एप्रन बांधला होता, कारण तो माझ्या राखाडी स्वेटरवर, म्हणजे जो कुणाचा असेल त्यावर, डाग पडू देत नाही. वरची पानं टाकायला मागच्या दारी निघाले. काचेच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ते दोघं पाठमोरे बसले होते. मी थांबले. लपून ऐकते म्हणून मला काही लाज वाटली नाही, त्यासाठीच तर मी गेले दोन महिने टपून होते.

डाउवे म्हणत होता, “नीन्के, रागावू नकोस. पण हिस्केला सांगू नकोस. तिला अजून वाटतं तो बाहुला तिच्यासाठीच होता.”

हिल्केमाबाई म्हणाल्या, “हो ना, आज ऊन छान आहे.”

“तू शब्द दे. तिला कळलं तर ती मोडून जाईल. वरून आरडाओरडा करते, पण आतून तशी नाही ती.”

“नक्कीच,” हिल्केमाबाई म्हणाल्या.

माझ्या हातातल्या भांड्यातून कोबीची पानं जमिनीवर पडली. डाउवेनं वळून बघितलं. एप्रन बघितला.

“बाई, जरा दार लावता का? हिस्के दुकानातून येईल इतक्यात.”

मी दार लावलं. आतून. तिथे बूट घालायला बसायचं बाकडं आहे, त्याच्यावर बसले. म्हटलं, “नाही सांगत मी कुणाला. पण तुम्ही तिला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुम्ही तिचा चेहरा पाहिला नाहीत, बाई,” तो म्हणाला. “मी बांधामागून बघत होतो. मला वाटलं होतं नीन्के दार उघडेल. ती रोज त्या वेळी घरी असायची. ती कशी नव्हती कोण जाणे. हिस्केनं कागद उघडला आणि ती अशी हसली, अशी हसली की… आता परत जाऊन म्हणायचं का, द्या इकडे, चुकून ठेवला?”

“रविवारी तरी सांगायचं.”

“तेच सांगायला गेलो होतो. वाक्य पाठ करून गेलो होतो. तर तिनं बशीत डोकं ठेवलं, सगळ्यांसमोर. मी नीन्केकडे बघितलं. ती कॉफीचं भांडं घेऊन उभी होती.” त्यानं हिल्केमाबाईंचा हात थोपटला. “हिनं मान हलवली. अशी. म्हणजे, खा. मग मी खाल्लं. आणि डोकं खाल्लेल्या माणसानं उठून जायचं नसतं, बाई.”

नीन्के, मी तुझ्यासमोर बसले होते. माझं लक्ष बशीकडे होतं.

मला राग आला, आणि मी तो बोलून दाखवला. “म्हणजे सगळा जन्म फुकटच गेला म्हणा की तुमचा.”

“कुणाचा?” त्यानं माझ्याकडे असं बघितलं जसं मी नोकरीवर नवीन आहे. “पहिला हिवाळा जड गेला. मग एक दिवस एक गिऱ्हाईक माझ्या पावाला भुसा म्हणालं. हिस्केनं तोच पाव त्याच्या टाळक्यात हाणला. त्याची टोपी पार नाल्यात गेली. आम्ही दोघं भट्टीमागे बसून रडेपर्यंत हसलो. त्यानंतर मला कुणी विचारलं असतं ना, बाहुला कुणासाठी होता, तर मला आठवून सांगावं लागलं असतं.”

मग तो म्हणाला, “पण नीन्केला काहीच मिळालं नाही. म्हणून तिच्यासाठी एक केलाय. मोज्यांत ठेवलाय. हिस्केच्या नजरेतून काही सुटत नाही हो.”

“नाही सुटत,” मी म्हटलं.

मग मी माझ्या खोलीत जाऊन रडले. किती वेळ ते सांगत नाही. आधी माझ्यासाठी रडले, मग डाउवेसाठी, आणि शेवटी तुझ्यासाठी, त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला. एकवीस वर्षांची होतीस तू. एक मान हलवलीस आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन राहिलीस. आणि मी तुला इतकी वर्षं शिष्ट म्हणत राहिले. तुम्ही दोघांनी मला मूर्ख बनवलंत आणि तेही मायेपोटी, म्हणजे मला भांडायचीसुद्धा सोय ठेवली नाहीत. याचा राग माझा अजून गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही. पण तो तुझ्या तोंडावर करायचा आहे, पत्रातून नाही.

फेन्नाला सांगून आले, हिल्केमाबाई कुठेही जाणार नाहीत. ती म्हणाली, “अहो, तुम्हीच तर…” मी म्हटलं, मीच तर. तिच्याकडून त्यांच्या मुलीला फोन करवला, आणि पुढे होऊन दोन शब्द मीही बोलले, ते काय होते ते माझं मला ठाऊक. खुर्ची त्यांनाच राहू दे. मी माझ्यासाठी दुसरी आणवली आहे, डाउवेच्या दुसऱ्या बाजूला. तिथून ऐकूही नीट येतं.

आता तू काय करायचंस ते ऐक. पाच डिसेंबरला इथे ये. सकाळची गाडी धर, म्हणजे दुपारच्या कॉफीला पोचशील. तो तुला ओळखणार नाही कदाचित, त्याच्या डोक्यातली नीन्के एकवीस वर्षांची आहे. की ओळखेल? ते मला सांगता येत नाही आणि त्याची मला धास्ती आहे, हेही लिहून टाकते. तो तुझा हात धरेल आणि म्हणेल, हिस्केला सांगू नकोस. तू शब्द दे. मला काही माहीत नाही. त्याच्या समोर तरी मला कधीच काही माहीत होणार नाही, एवढं मी त्याच्यासाठी करू शकते.

बाहुला तुझा आहे. घे. आणि रीतीप्रमाणे त्यातला तुकडा त्याच्या बशीत ठेवावा लागेल. पाय ठेव. नीन्के, पाय. डोकं तिथेच खाऊन टाक नाहीतर पिशवीत घालून मास्ट्रिक्टला घेऊन जा, पण त्याच्या बशीत ठेवू नकोस. मी समोरच बसलेली असेन.

कॉफी या वेळी मी ओतेन.

हिस्के